सुनावणीचा कोट

खांद्याच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये! चाळीस वर्षं झाली, मी लोकांचे खांदे सरळ करतोय. तुम्हाला माहीत नसेल, पण जगात कुणाचेच दोन खांदे सारखे नसतात. एक जरा खालीच असतो. शाळेत ज्यांनी एकाच बाजूला दप्तर अडकवलं, त्यांचा तर चांगलाच खाली. पण माझ्या दुकानातून कोट घालून निघालेला माणूस बघा. त्याच्या खांद्यांवर भरलेला पेला ठेवा, थेंब सांडणार नाही! आत थोडा पॅड, थोडं अस्तर, थोडी हातशिलाई. लोकांचा वाकडेपणा झाकायचा, हाच आम्हा टेलर लोकांचा धंदा.

त्यामुळे माझ्याच उजव्या खांद्याचं वाटोळं झालं आणि मी कायद्याने भरपाई मागायला निघालो, तेव्हा बायकोला म्हटलं, "अगं, खटला खांद्याचा आणि अर्जदार टेलर! समोरचा वकील उभा तरी राहील का?"

बायको बॉबिन भरत होती. मान वर न करता म्हणाली, "त्याचं तो बघेल. तुम्ही तेवढं तोंड बंद ठेवा."

मी तोंड बंद ठेवलं नाही. खरं तर गोष्ट इथेच संपते. पण तुम्ही आपली माणसं, म्हणून सविस्तर सांगतो.

आम्ही दोघं आरोग्य केंद्रात फ्लूची लस घ्यायला गेलो होतो. बायकोनं घेतली, तिला काही झालं नाही. तिच्या शेजारच्या आजोबांना काही झालं नाही. त्या दिवशी रांगेत असलेल्या एकालाही काही झालं नाही. तेव्हा लशीला नावं ठेवू नका, तिचा काही दोष नव्हता. दोष जागेचा होता. जी सुई दंडावर टोचायची, ती माझ्या बाबतीत चांगली तीन बोटं वर, थेट सांध्यापाशी टोचली गेली.

का टोचली गेली? कारण माझी बाही वर जाईना! मी स्वतःसाठी शिवलेल्या बाहीत करंगळीसुद्धा शिरत नाही. फिटिंग म्हणजे फिटिंग!

नर्सबाई म्हणाल्या, "काका, शर्ट काढा."

आता तुमच्यापासून काय लपवायचं? बाहेरून मी कितीही टापटीप असलो तरी आतलं बनियन हा माझा खाजगी मामला असतो. त्या दिवशीच्या बनियनला भोकं होती. सगळ्या रांगेसमोर टेलरमास्तरांनी भोकाचं बनियन दाखवायचं? छे!

"शर्ट कशाला काढायचा!" मी म्हटलं. "कॉलर खाली ओढतो की."

वरची तीन बटणं काढून मी कॉलर खांद्यावरून ओढली. ओढून ओढून ती किती येणार? मागे दारापर्यंत माणसं. मी खुर्चीत बसलेलो, नर्सबाई उभ्या. त्यांना जेवढा खांदा दिसला, तेवढ्यात त्यांनी टोचलं आणि म्हणाल्या, "झालं!"

झालंच होतं.

दोन दिवसांत हात वर जाईना. दोन आठवड्यांत केस विंचरता येईनात. डॉक्टरांनी फोटो काढला, हात इकडून तिकडून फिरवला, मी दोनदा किंचाळलो, मग ते म्हणाले, "सुई चुकीच्या जागी गेली, आतल्या सांध्याला सूज आहे. आठवड्यातून तीनदा व्यायामाला यायचं, सहा महिने. आणि कात्री बंद."

"डॉक्टर, कात्री बंद म्हणजे मीच बंद!"

लोकांना वाटतं टेलर म्हणजे मशीन चालवणारा. मशीन कुणीही चालवतं हो! खरं काम बेतायचं. टेबलावर कापड पसरायचं, खडूनं रेघा मारायच्या आणि हातभर लांबीची वजनदार कात्री खांद्यातून रेटत न्यायची. एकदा कापलं की कापलं, तिथे माफी नाही. आमच्या दुकानात पहिल्यापासून मी बेतणार आणि बायको शिवणार. गावभर नाव कुणाचं? मास्तरांच्या कात्रीचं!

मी हार मानणाऱ्यातला नव्हे. डाव्या हातानं कात्री धरली आणि बँडमास्तरांची पँट बेतली. बँडमास्तर म्हणजे नगर वाद्यवृंदाचे प्रमुख, माझं पंधरा वर्षांचं गिऱ्हाईक. त्या पँटचे दोन्ही पाय डावे झाले. ती घालून माणूस सरळ चालू लागला की आपोआप उजवीकडे वळायचा! बँडमास्तर पुढे, मागे वीस वाजवणारे, आणि पँट नेईल तिकडे सगळे. शेवटी म्हणे ते नगरपालिकेऐवजी भाजीमंडईत पोचले.

दुसऱ्या दिवशी बायकोनं माझ्या हातातली कात्री काढून घेतली.

आमच्या दुकानात पुढे काउंटर, मध्ये पडदा आणि मागे बेतायचं टेबल आहे. मी पुढे उभा राहून मापं घ्यायचो. टेपचं एक टोक गिऱ्हाईकालाच धरायला लावायचं आणि मी मोठ्यानं आकडे सांगायचे. पडद्यामागे बायको ते लिहून घ्यायची आणि बेतायची. कुणाला सांगायचं नाही, ही अट माझी. तिनं नुसतं "बरं" म्हटलं.

एक अडचण होती. मी पुढे गप्पा मारतोय आणि मागून कात्रीचा आवाज येतोय!

"मास्तर, आत काय वाजतंय?"

"पंखा आहे. जुना झालाय."

अशा रीतीनं आमचा पंखा चार महिने कापड बेतत होता. दिवसभर बेतायचं आणि मग रात्री मशीनवर बसून शिवायचं. तिच्या अंगठ्याला घट्टा पडला, डोळे लाल दिसायला लागले. मला दिसत होतं. मी बघत नव्हतो, एवढंच.

व्यायामाचा खर्च आम्हाला झेपणारा नव्हता, म्हणून मी व्यायामाला जात नव्हतो. आणि व्यायामाशिवाय खांदा सुटणार नव्हता. खांदा सुटला नाही तर कात्री कायमची गेली!

अशात एक दिवस वकीलबाई आल्या. त्यांचे काळे कोट आमच्याकडेच असतात. मला हँगरवरून कोट काढता येईना, तेव्हा त्यांनी चौकशी केली. मी सगळं सांगितलं. म्हणजे बनियन आणि पंखा सोडून सगळं.

"मास्तर, तुम्ही भरपाई मागा!" वकीलबाई म्हणाल्या. "लस टोचताना इजा झाली तर त्यासाठी मंडळ आहे. नर्सबाईंवर खटला नाही, कुणाला शिक्षा नाही. इजा सुईमुळे झाली आणि त्यामुळे काम अडलं, एवढं दाखवायचं. उपचाराचा खर्च मिळेल आणि बुडालेल्या कामाचीही भरपाई मिळेल."

मला आनंदानं उडी मारावीशी वाटली. खांद्यामुळे मारली नाही.

"डॉक्टरांचे कागद मी बघते," त्या म्हणाल्या. "तुम्ही फक्त दोन साक्षीदार आणा. तुमचं आधीचं आणि आत्ताचं काम माहीत असलेले. काम कसंबसं चाललंय ना?"

"कसंबसं," मी म्हटलं.

साक्षीदार मी पारखून निवडले. एक बँडमास्तर, दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापिका. दोघंही शब्दाला जागणारे. मी त्यांना एवढंच म्हटलं, "माझ्या कामाबद्दल जे खरं असेल ते बिनधास्त सांगा." त्यांना खरं काय वाटतंय, याचा विचार करायचं माझ्या डोक्यात आलंच नाही.

मग कपड्यांचा प्रश्न आला. वकीलबाईंनी बजावलं होतं, साधे कपडे घाला. बायकोनं जुना सदरा काढून ठेवला.

"सदरा? मंडळासमोर?" मी उसळलो. "सगळे माझ्याकडे बघणार. मला नवा कोट पाहिजे!"

बायकोनं टेप घेतला, मापं घेतली. "उजवा खांदा पाऊण इंच खाली आलाय."

"मग उचल!"

"उचलू? सुनावणी खांद्याचीच आहे ना?"

"अगं, वाकड्या खांद्याचा कोट घालून टेलरच बाहेर पडला, तर उद्या दुकानात कोण येईल?"

तिनं टेप गळ्यात अडकवला. मग म्हणाली, "बरं." तिच्या या "बरं"ची मला त्याच वेळी भीती वाटायला हवी होती.

कोट काय झाला होता म्हणून सांगू! उजव्या बाजूला पॅडवर पॅड, बाहीचा मुंढा असा बसलेला की सुरकुती शोधून सापडू नये. आरशात मी विशीतल्यापेक्षा सरळ दिसत होतो.

सुनावणी सरकारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर होती. जिन्यात वकीलबाई भेटल्या. मला बघताच त्यांनी कपाळाला हात लावला.

"मास्तर, हे काय?"

"कोट."

"कोट दिसतोय हो! खांदा कुठाय?"

"आत."

"काढा तो आधी!"

"काढता येत नाही ना! हात मागे जात नाही. सकाळी हिनंच चढवला."

तेवढ्यात शिपायानं माझ्या नावाचा पुकारा केला आणि आम्ही आत गेलो. लांब टेबल, टेबलामागे मंडळाचे अध्यक्ष. गंभीर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एका बाजूला आरोग्य खात्याचे वकील, उंच, काटकुळे आणि काही कारण नसताना हसणारे. बायको मागच्या बाकावर जाऊन बसली.

पहिली साक्ष बँडमास्तरांची.

"इजा झाल्यापासून मास्तरांच्या कामात काही फरक पडला?" वकीलबाईंनी विचारलं.

"फरक?" बँडमास्तर गरजले. "जमीन-अस्मानाचा!"

वकीलबाईंचा चेहरा खुलला. "कसा ते जरा मंडळाला सांगा."

"पूर्वी त्यांची पँट कमरेत जरा ढगळ व्हायची. मी भिडेपोटी बोलायचो नाही. पण आता बघा!" बँडमास्तरांनी जागच्या जागी पूर्ण गोल गिरकी घेतली. "मधे एकदा एक पँट जरा..."

मी डोळे वटारले. ते तो विषय सोडून पुढे सरकले.

"ते असू दे. पण आताशा मास्तर जे बेततात ना, तसं त्यांनी उभ्या जन्मात बेतलं नव्हतं! मी तर म्हणतो, ही लस त्यांनी दहा वर्षांपूर्वीच घ्यायला हवी होती!"

वकीलबाईंनी घाईघाईनं त्यांना बसवलं आणि मुख्याध्यापिकांना बोलावलं.

"बाई, तुम्ही मास्तरांचा त्रास जवळून पाहिलाय ना?"

"पाहिलाय," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "फार सोसतात बिचारे." वकीलबाईंचा जीव भांड्यात पडला. "आणि तशाही अवस्थेत त्यांनी शाळेचे सगळे गणवेश वेळेत दिले. एकही परत आला नाही! मी वीस वर्षं सांगत होते, मास्तर, बायकांच्या जाकिटाला खिसे द्या. कधी ऐकलं नाही. या वेळी न सांगता दिले, तेही चष्मा मावेल एवढे! दुखण्यानं माणूस किती समजूतदार होतो, बघा!"

खात्याचे वकील उठले, दोन्ही साक्षीदारांना हात जोडले आणि म्हणाले, "आमचे काहीच प्रश्न नाहीत. साक्षीदारांचे मनापासून आभार."

वकीलबाई माझ्या कानाशी येऊन दात-ओठ खात पुटपुटल्या, "कसंबसं चाललंय, काय?"

मग मला पुढे बोलावलं.

"हात वर करा," खात्याचे वकील म्हणाले.

मी केला. छातीपर्यंत गेला आणि अडकला. कळ थेट डोक्यात गेली. पण बाहेरून काय दिसत होतं? पॅडवर ताठ बसलेला सुरेख खांदा!

"कोट फार छान आहे," ते हसून म्हणाले.

"आभारी आहे," मी म्हटलं. बास, इथे थांबायला हवं होतं.

"तयार घेतला असेल बाजारातून?"

"बाजारातून!" माझा पारा चढला. "असा मुंढा बाजारात मिळतो? आत हात घालून बघा, अस्तर हातशिलाईचं आहे! कॉलर बघा! मागची शिवण बघा!"

"वा! मग हा बेतला कुणी?"

"मी!"

वकीलबाईंच्या हातातलं पेन खाली पडलं. चाळीस वर्षांची सवय हो! कुणी कोटाला चांगलं म्हटलं की माझ्या तोंडून "मी" असंच बाहेर पडतं.

"कधी बेतलात?"

"गेल्या आठवड्यात," कुणीतरी म्हणालं. तो मीच होतो.

खात्याचे वकील अध्यक्षांकडे वळले. "साहेब, अर्जदारांचा हात चार महिने चालत नाही, आणि गेल्या आठवड्यात त्यांनी हा कोट बेतला! आता शेवटचा प्रश्न. नर्सबाईंनी शर्ट काढायला सांगितलं होतं, असं त्यांच्या टिपणात आहे. तुम्ही का काढला नाही?"

माझ्या कपाळावर घाम. "गर्दी होती..."

"गर्दीचा आणि शर्टाचा काय संबंध?"

"बनियनला भोकं होती!" मी ओरडलो.

शिपायाशेजारी बसलेल्या कारकुनानं लिहिता लिहिता मान वर केली. "किती भोकं? नोंदीत घ्यायचंय."

"दोन."

"तीन," मागच्या बाकावरून बायकोचा आवाज आला.

सगळे हसले. मी मागे वळलो. ती हसत नव्हती. पदराआड एका हातानं दुसऱ्या हाताचा अंगठा चोळत बसली होती. डोळे लाल. काल रात्री उशिरापर्यंत माझ्या या कोटाचं अस्तर टाचत होती ना! आणि मी सगळ्यांदेखत काय म्हणालो? मी! मला इतकी लाज वाटली की खांद्याची कळसुद्धा विसरलो.

"साहेब," मी अध्यक्षांना म्हटलं, "मी आत्ता खोटं बोललो. हा कोट मी बेतला नाही. हिनं बेतला. चार महिने दुकानातलं सगळं हीच बेततेय. कुणाला कळू नये म्हणून मी तिला पडद्यामागे ठेवलं होतं."

बँडमास्तर ताडकन उभे राहिले. "माझी पँट?"

"हिनंच."

"वाटलंच मला!" मुख्याध्यापिका म्हणाल्या. "खिसे बघूनच वाटलं होतं!"

खात्याच्या वकिलांना मात्र ते पटेना. "साहेब, ही सोयीची कबुली आहे! प्रश्न अंगाशी आला, तर लगेच बायको पुढे! याला पुरावा काय?"

अध्यक्षांनी बायकोकडे पाहिलं. ती उठून पुढे आली. "कात्री आहे का?"

शिपायानं कागद कापायची कात्री दिली. बायकोनं फायली बांधायचा जाड खाकी कागद मागून घेतला, टेबलावर पसरला आणि खात्याच्या वकिलांकडे एकदा, फक्त एकदा, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. टेप नाही, खडू नाही! कात्री सर्रकन निघाली. मी पहिल्यांदाच तिला बेतताना समोरून बघत होतो. हात कुठे अडखळत नव्हता, कागद स्वतःच बाजूला होत होता. मी कधी असं बेतलं होतं? आठवेना.

पाच मिनिटांत तिनं कोटाची पाठ कापून वकिलांच्या पाठीवर ठेवली. चपखल!

"डावा खांदा अर्धा इंच खाली आहे तुमचा," ती म्हणाली. "बॅग त्याच खांद्याला अडकवता ना? बाजू बदलत जा."

वकिलांनी नकळत बॅग उजव्या खांद्यावर घेतली.

"आता तुम्ही," अध्यक्षांनी मला कात्री दिली.

बायकोनं माझा कोट उतरवायला मदत केली. पॅड गेले आणि माझा खरा खांदा पहिल्यांदा मंडळाला दिसला, हँगरवरून घसरलेल्या शर्टासारखा. मी कात्री लावली. वीतभर गेलो आणि हात अडकला. दात आवळून पुढे रेटलं, डोळ्यांत पाणी आलं, कात्री भलतीकडेच गेली. मी थांबलो नाही. कागदाचा तुकडा सुटून खाली पडला, तो अध्यक्षांनी उचलून उलटसुलट करून पाहिला.

"हे काय आहे?"

"साहेब!" बँडमास्तर मागून ओरडले. "मी ओळखतो हे! हीच ती पँट, उजवीकडे वळणारी! हिनंच मला भाजीमंडईत नेलं होतं!"

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला आणि ते बराच वेळ खाली मान घालून लिहीत राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

तीन आठवड्यांनी निकाल आला. वकीलबाईंनी दुकानात उभं राहून वाचून दाखवला. इजा सुईमुळेच झाली हे मंडळाला मान्य. बनियनला कितीही भोकं असली तरी दंड पूर्ण उघडा करून घेणं ही केंद्राची जबाबदारी होती. व्यायामाचा आणि औषधांचा सगळा खर्च मंजूर! मी डावा हात वर करून ओरडलो. बायको मशीनवर डोकं टेकवून रडली.

"आणि बुडालेल्या कामाची भरपाई?" मी विचारलं.

वकीलबाईंनी घसा साफ केला. "नामंजूर. कारण वाचते. 'दोन्ही साक्षीदारांच्या सांगण्यावरून असे दिसते की इजेनंतर दुकानाच्या कामाचा दर्जा वाढला आहे. अर्जदाराचा हात थांबल्याने कोणाचेही नुकसान झाल्याचे आढळले नाही.'"

सरकारी शिक्क्यासह! बायकोनं तो कागद मागून घेतला, दोनदा वाचला आणि चांगली कापडं ठेवायच्या कपाटात नीट घडी करून ठेवला.

त्या दिवशी पडदा काढला. बेतायचं टेबल पुढे आलं, टेबलाशी बायको आली, आणि मी मागे जाऊन डाव्या हातानं काजं-बटणं करायला लागलो. गिऱ्हाईकं दारातूनच "वहिनी आहेत का?" विचारायची. मी म्हणायचो, "आहेत. मीपण आहे." गिऱ्हाईकं म्हणायची, "हो, हो, बरं आहे ना?"

व्यायाम मी एक दिवस चुकवला नाही. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा असतो. रोज जिथवर पोचेन तिथे खडूनं रेघ मारायचो. सहा महिन्यांत भिंतीची शिडी झाली. आणि परवा सकाळी, सांगायला हरकत नाही, माझा हात सरळ वर गेला. कळ नाही, अडखळणं नाही! वरच्या फळीवरचा कापडाचा तागा मी उजव्या हातानं खाली काढला.

"अगं! अगं, बघ!"

बायको धावत आली. मी हात वर-खाली, वर-खाली करून दाखवला. आम्ही दोघं लहान मुलांसारखे हसलो. तिनं डोळे पुसले, टेबलावरची कात्री उचलली आणि माझ्या हातात दिली. "घ्या. तुमची आहे."

दहा महिन्यांनी कात्री हातात! तिचं वजन बरोबर तळव्यात बसलं. ऊर भरून आला हो. तेवढ्यात दारात बँडमास्तर आले, काखेत नवं कापड.

"बघा, बँडमास्तर!" मी कात्रीसकट हात डोक्याच्या वर नेला.

"अरे वा, वा! अभिनंदन!" त्यांनी मला मिठीच मारली. "फार बरं वाटलं मास्तर, देवाशपथ!"

मग त्यांचं लक्ष माझ्या हातातल्या कात्रीकडे गेलं. तिथून आपल्या कापडाकडे. त्यांनी ते काखेतून काढून दोन्ही हातांनी छातीशी धरलं.

"म्हणजे मास्तर," ते चाचरत म्हणाले, "आता... तुम्ही बेतणार?"

बायको खाली बघत टेबल पुसायला लागली. पुसण्यासारखं तिथे काही नव्हतं.

"छे हो! अजून कुठे!" मी म्हटलं. कात्री तिच्या हातात दिली आणि माझा हात हळूहळू खाली आणला. पूर्वी जिथे दुखायचं ना, तिथे जरासा थांबलोसुद्धा.